भिंतीवरचा रंकाळा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे एका चित्रावरून भांडण चाललंय आणि मी त्यात पुरता अडकलोय. इथे नेदरलँड्समध्ये सकाळी सायकलवरून वेल्डहोवनला ऑफिसला जाताना मनातल्या मनात उत्तरं जुळवतो, दुपारी कँटीनमध्ये ती टाइप करतो. रात्री आठला जेवणं आटोपून निवांत फोन हातात घ्यावा तर कोल्हापुरात साडेअकरा झालेले असतात. सगळे झोपलेले. माझं शेवटचं वाक्य सकाळपर्यंत तसंच पडून राहतं.

हकीकत अशी. आमच्या वर्गातला मंगळवार पेठेतला एक मित्र चित्रकार आहे. २०१३ साली त्यानं कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं एक जलरंगातलं चित्र फेसबुकवर टाकलं होतं. संध्याकाळची वेळ, पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, पलीकडे धुरकट शालिनी पॅलेस आणि पुढे काचेसारखं निळं पाणी. ते चित्र खूप फिरलं. बाहेरगावी गेलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी ते डीपीला लावलं असेल. त्यानंही पुढे त्याच्या प्रिंट काढून विकल्या. यंदा जूनमध्ये त्यानं तीच जागा, तीच वेळ धरून चित्र नव्यानं केलं आणि जुनं-नवं शेजारी शेजारी ठेवून टाकलं. नव्या चित्रात संध्यामठाचं प्रमाण सुधारलंय, आभाळात पातळ रंगाचे तीन वॉश जास्त आहेत, आणि निळ्या पाण्याच्या जागी काठापासून मठापर्यंत हिरवंगार केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरलंय. खाली त्यानं लिहिलं, "तेव्हा पाणी खोटं काढलं होतं. त्या दिवशीपण केंदाळ होतं."

झालं. एकानं लिहिलं, चित्र एकदा लोकांना दाखवलं की ते लोकांचं, आता त्यात ढवळाढवळ करायचा तुला हक्क नाही. दुसरा म्हणाला, मग आधी कच्चं टाकलंसच कशाला? प्रिंट विकत घेतलेला एकजण म्हणाला, मी पैसे मोजले ते चित्र तूच आता खोटं म्हणतोस, ही फसवणूक आहे. आणि ज्याची मला सर्वांत जास्त चीड आली तो मेसेज असा होता: गावाची बदनामी कशाला करतोस, पाहुणे बघतात.

चित्रकारानं स्वतः एकालाही उत्तर दिलं नाही. उत्तरं मी देत बसलो.

मी जिथे राहतो त्या आइंडहोवनपासून न्यूनन सायकलवर अर्ध्या तासाच्या आसपास. रविवारी हवा बरी असली की आम्ही तिकडेच जातो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८३ च्या डिसेंबरपासून १८८५ च्या नोव्हेंबरपर्यंत त्या गावात होता आणि बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब त्यानं तिथेच रंगवलं. १८८५ च्या एप्रिलमध्ये त्यानं त्या चित्राचं शिळाछाप करून घेतलं, तेही आमच्या आइंडहोवनच्या छापखान्यात. त्याच्या प्रती त्यानं लोकांना पाठवल्या. आपण पोस्ट टाकतो तसंच की हे! एक प्रत त्याच्या चित्रकार मित्राला, फान रापार्डला गेली. त्यानं उलट टपाली असं काही झोडपलं की व्हिन्सेंटनं ते पत्र त्यालाच परत धाडलं आणि दोघांची मैत्री पुढे पहिल्यासारखी राहिली नाही.

हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दोन वर्षांनी पॅरिसहून बहिणीला लिहिताना तो याच चित्राला आपलं सर्वांत चांगलं काम म्हणत होता. आणि तरी १८९० साली, सेंट-रेमीच्या इस्पितळात असताना, त्यानं घरून जुनी रेखाटनं मागवली, कारण ते चित्र त्याला पुन्हा करायचं होतं. आठवणीतून काही कच्ची रेखाटनं केलीही. चित्र व्हायचं राहिलं. जुलैत तो गेला. आपल्या ग्रुपवरच्या मंडळींना वाटतं, जुनं काम सुधारायला घेणारा माणूस जुन्याला कमी लेखतो. इथे तर ज्यावर सर्वांत जास्त जीव, तेच पुन्हा हातात घ्यावंसं वाटलं.

रेम्ब्रांटचंही तेच. तीन क्रूसांचं चित्र त्यानं १६५३ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि त्याचे ठसे काढले. काही वर्षांनी तोच पत्रा घेऊन त्यातली बरीच माणसं घासून काढली, नवी कोरली आणि वरून काळ्याभोर रेघांचा असा पाऊस पाडला की पहिल्या ठशात उजेडात दिसणारी माणसं अंधारात गेली. आधीचे ठसे लोकांकडे होतेच. ते त्यानं परत मागितले नाहीत, आणि घेणाऱ्यांनी फसवणूक झाली म्हणून दारात येऊन ओरडा केल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही. आज अभ्यासक दोन्ही ठसे शेजारी ठेवून बघतात. इथे म्युझियमकार्ट, म्हणजे संग्रहालयांचा वर्षाचा पास, असलं की असं काही बघायला वेगळे पैसे पडत नाहीत, शाळेतली पोरंसुद्धा जमिनीवर बसून तास-तास बघतात. आपल्याकडे टाउन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. ग्रुपवरच्या किती जणांनी शाळेच्या सहलीनंतर ती पाहिलीत, असं मी विचारलं. कोणी बोललं नाही.

मला कोणी म्हणेल, तू तिकडची उदाहरणं देतोस. मग कोल्हापूरचीच घ्या. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' मूकपट केला. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांनी स्वतःच तो बोलपट म्हणून पुन्हा केला. पहिला वाईट होता म्हणून का? बोलायची सोय झाली होती आणि त्या कर्जबाजारी शेतकऱ्याला बोलतं करायचं राहिलं होतं. अल्लादिया खाँसाहेबांचा तरुणपणी आवाज गेला आणि मग त्यांनी आपली गायकी नव्यानं बांधली. शाहू महाराजांच्या दरबारात कोल्हापूरनं ऐकली ती ही दुसरी गायकी. आणि आबालाल? महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो. चित्रं बुडवणारा आपल्याला मोठा वाटतो आणि चित्र दुरुस्त करणारा लबाड? माझ्या मित्रानं काही बुडवलेलं नाही. जुनं चित्र तसंच ठेवलंय, शेजारी नवं मांडलंय आणि फरक कुठे आहे ते स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. मराठी पुस्तकावर 'सुधारित व वाढवलेली आवृत्ती' असं छापलेलं असलं की आपण तीच प्रत मागून घेतो.

'कच्चं टाकलंसच कशाला' याचं उत्तर जरा सविस्तर दिलं पाहिजे. चित्र शिकणारी मुलं रविवारी बोर्ड घेऊन रंकाळ्यावर, पंचगंगेच्या घाटावर बसतात. मीही दोन वर्षं त्यांच्यात बसलोय. दुपारी परत आल्यावर सगळ्यांचे कागद भिंतीला टेकवून ठेवायचे आणि सर एकेकासमोर उभे राहायचे. कधी काही न बोलता ओला ब्रश घेऊन कागदावरच रंग उचलायचे, सावलीत एक गडद फटकारा मारायचे आणि पुढे जायचे. त्या एका फटकाऱ्यानं चित्र उठून यायचं. कच्चं काम दहा जणांना दाखवायचं आणि पुढच्या रविवारी त्याच जागी बसून पुन्हा करायचं, हीच शिकण्याची रीत होती. फोननं एवढंच केलं की दहाचे दहा हजार झाले आणि भिंतीला टेकवलेला कागद संध्याकाळी गुंडाळून न्यायची सोय राहिली नाही. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या चित्राखालचे शब्द बदलता येतात, पण त्या जागी दुसरं चित्र ठेवता येत नाही. बारा वर्षांपूर्वीचा कागद आजही तितक्याच उजेडात टांगलेला असतो आणि काढणाऱ्याचा हात मात्र तेवढ्या काळात बराच पुढे गेलेला असतो. अशा वेळी बरेच जण जुनं गुपचूप काढून टाकतात. ते मला पटत नाही, कारण बघणाऱ्याला रस्ता दिसत नाही, नुसतं मुक्कामाचं ठिकाण दिसतं. माझ्या मित्रानं तो रस्ता दाखवला आणि त्यालाच बोल लावला गेला.

इथवर मी खूश होतो. मग परवा एकानं माझाच जुना मेसेज काढून समोर ठेवला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. इथे संध्याकाळ होती, मी लायब्ररीत मुलीला घेऊन बसलो होतो आणि फोनवर आगीचे व्हिडिओ येत होते. छत कोसळताना पाहिलं आणि मला हुंदका आवरेना. त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं होतं: "होतं तस्संच उभं करा. एक खांबसुद्धा बदलू देऊ नका." तो मेसेज पुन्हा टाकून त्यानं खाली लिहिलं, "भावा, पेंटरनं चित्र बदललं तर चालतंय, आणि आम्ही थिएटर बदलायचं न्हाई? तू तिथनं जसंच्या तसं मागणार. खुर्चीत आम्ही बसणार हाय."

दोन दिवस मी काही लिहिलं नाही. म्हटलं असतं तर उत्तर होतं: वास्तू एकाची नसते, चित्र एकाचं असतं, शाहू महाराजांनी बांधलेलं ते नाट्यगृह, तेव्हाचं पॅलेस थिएटर, पुन्हा उभारताना त्यांना विचारता येत नाही, चित्रकाराला विचारता येतं. हे खरं आहे आणि अजूनही मी ते मानतो. पण मी गप्प बसलो त्याचं कारण वेगळं होतं, ते ग्रुपवर कुणाला ठाऊक नाही.

त्या २०१३ च्या रंकाळ्याचं मूळ चित्र माझ्याकडे आहे. मी देश सोडला त्याच आठवड्यात त्यानं ते मला दिलं होतं. आइंडहोवनमधली तीन घरं बदलली, प्रत्येक घरात पहिला खिळा त्याचाच. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो तेव्हा मी त्याच्या खालचा दिवा लावतो. आणि भांडण सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच, त्याचा मला फोन आला होता. "येताना ते चित्र घिऊन ये की. वरनं ओपेक रंग मारून पाणी नीट करतो. मला त्योच कागद पाहिजे." मी म्हणालो, बॅगेत बसायचं नाही रे. तो म्हणाला, बरं, राहू दे, दुसऱ्या कागदावर करतो. म्हणून नवं चित्र नव्या कागदावर आहे.

कागद पंधरा बाय बावीस इंचाचा आहे. बॅगेत आरामात बसतो.

मी तीन आठवडे ज्या हक्कासाठी भांडलो तो हक्क ज्याला खरोखर बजावायचा होता त्याला मीच अडवला होता. कारण मला निळं पाणी हवंय. केंदाळाचा वास, पावसाआधी काठावर साठणारा गाळ, ते काढायला उतरणारी माणसं, यातलं माझ्या वाट्याला काही येत नाही. ते ज्यांच्या वाट्याला रोज येतं त्यांनी माझ्यासाठी पाणी निळं ठेवावं, अशी माझी मागणी होती. आणि 'पाहुणे बघतात' म्हणणाऱ्यावर मी चिडलो होतो. तो पाहुणा मी आहे हे मला फार उशिरा समजलं.

काल माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं फोनवर दोन्ही चित्रं पाहिली. तिचा जन्म इथला, रंकाळा तिनं तीनदा पाहिलाय. नव्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे ते, जिथे आपण आज्जीबरोबर कणीस खाल्लं." मी भिंतीकडे हात करून म्हटलं, हेही तेच आहे. तिनं वळून नीट पाहिलं. मग म्हणाली, "पण हिरवं कुठंय?"

गणपतीला आम्ही निघतोय. आज ऑफिसमधून येताना पंधरा बाय बावीसच्या मापाचे दोन जाड पुठ्ठे कापून आणले आणि कपाटावर ठेवले. फ्रेम अजून भिंतीवरून उतरवलेली नाही.