मॉर्फिनच्या गोळ्या डब्यात ठेवून देऊ नका

‘फाइलवर पॅलिएटिव्ह लिहिलं की समजा डॉक्टरांनी हात टेकले. मॉर्फिन सुरू झालं की व्यसन लागतं आणि माणूस लवकर जातो. हे फक्त कॅन्सरच्या शेवटी देतात. सगळा बिलं वाढवायचा धंदा.’ हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. पॅलिएटिव्ह म्हणजे आजाराचं दुखणं, त्रास कमी करणारी सेवा, आणि मॉर्फिन हे त्यातलं तीव्र दुखण्यावरचं औषध. विडी घरकुलातल्या माझ्या मावशीनं तो वाचला आणि काकांच्या गोळ्या बंद केल्या. जबड्याच्या कॅन्सरचं दुखणं घेऊन काका रात्रभर गाल धरून बसले.

आधी मॉर्फिन. दुखणं बघून डॉक्टरांनी बेतानं वाढवलेल्या डोसानं कुणी लवकर जात नाही. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची. माणूस कळवळेपर्यंत थांबायचं नाही. बद्धकोष्ठता होते, त्यासाठी पोट साफ होण्याचं औषध सोबत असतं. सुरुवातीला गुंगी, मळमळ येते. सवय झालेल्या अंगाचं औषध एकदम तोडलं तर घाम, थरथर, जुलाब होतात. मावशीला तेच व्यसन वाटलं. अहो, बीपीच्या काही गोळ्याही एकदम तोडता येत नाहीत! रुग्णांना मॉर्फिन सहज मिळावं म्हणून २०१४ साली संसदेनं अमली पदार्थांचा कायदा बदलला, तो उगाच?

‘हात टेकले’ म्हणणाऱ्यांनी २०१० चा बोस्टनचा अभ्यास बघावा. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याच उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह. मध्यक आयुष्य, म्हणजे गटातले निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, पहिल्या गटात ८.९ महिने, दुसऱ्यात ११.६. त्रास कमी करायचा आणि मूळ उपचारही चालू ठेवायचे, हे एकत्र होतं. काकांचं रेडिएशनही चालूच आहे.

एक मान्य करतो. आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर फार उशिरा पडतो, माणूस खरंच अखेरीला आल्यावर. भीती तिथूनच बसली. पण ती चूक उशिरा पाठवण्याची आहे.

फक्त कॅन्सर? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात अशी सेवा लागणाऱ्या प्रौढांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे ३८.५ टक्के, कॅन्सरचे ३४. आणि बिलं म्हणाल तर पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून ही सेवा मोफत देतंय.

ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी त्याच ग्रुपवर तो चुकीचा असल्याचं लिहावं. ज्यांच्या घरी गोळ्या थांबल्यात त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करावा. मध्ये खंड पडला असेल तर जुना डोस आपल्या मनानं सुरू करू नका, विचारूनच द्या.