मावशी तपासणीला का गेली

"आई अजून पडलेली नाही, मग तोल तपासायला कशाला न्यायचे?" असे आज एका परिचितांनी म्हटले, भोवतालच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला संताप आवरेना. वयाच्या ६५ वर्षांनंतर साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो; आपण मात्र हाड मोडण्याची वाट पाहतो.

माझी मावशी पडण्याचा धोका पाहणाऱ्या या तपासणीला स्वतःच्या मर्जीने गेली. त्याआधी ती रात्री उठताना पडली होती, पण आम्हा कोणालाही तिने ते कळू दिले नाही. कारण कळताच आम्ही तिचे एकटे राहणे बंद करू, हे ती ओळखून होती. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वयाचा उल्लेखही न करता "तुमचे चालणे एकदा पाहून घेऊ" एवढेच सुचवले आणि ती तयार झाली. तिला मरणाचे भय नव्हते. स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने वावरणे तिला टिकवायचे होते.

तिथे तिला खुर्चीतून उठून ३ मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगितले. त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका मानतात. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाब मोजला, नजर, पाय, चपला पाहिल्या, सगळ्या गोळ्या तपासल्या. उभे राहताच मावशीचा वरचा रक्तदाब २० पेक्षा जास्त उतरत होता, आणि त्यात झोपेच्या गोळीची भर होती. डॉक्टरांनी औषधे बदलली, पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले.

तपासणीने प्रत्येक पडणे टळत नाही, हे मान्य. काही जण केवळ मुलांच्या आग्रहाखातर जातात, तेही खरे. परंतु मावशीला आम्ही "आता जपून, आता एकटीने जिना उतरू नकोस" असे रोज बजावत होतो, म्हणूनच तिने ती रात्र लपवली, याचा मला अजूनही राग येतो. मुलांची भीती मायेतूनच येते, हे मला समजते. तरीही ती आदेशाच्या स्वरात बोलली की ज्येष्ठ माणसे गप्प होतात.

म्हणून आईवडिलांशी बोलताना, त्यांना पुढेही एकट्याने काय करत राहायचे आहे, ते आधी विचारा. तपासणीला जाताना, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह सगळी औषधे आणि रोजच्या वापरातल्या चपला सोबत न्या, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांची त्यांनाच देऊ द्या.