गार्डच्या वजनाने पाटे टिकत नाहीत, तुटतात

परवा रात्री धाकट्या मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दाजी, बसवून घेऊ का?" तो नारायणगावहून पिकअपमध्ये टोमॅटो भरून माळशेजमार्गे कल्याणला जातो. मेसेज घरातच पोचला, म्हणून आता लिहिणं भाग आहे. त्यात म्हटलंय: पुढे जाड पाइपचा लोखंडी गार्ड लावा, वजनाने पुढचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) दबून राहतात, त्यामुळे पाटे आणि त्यांच्या सांध्यातले बुश दुप्पट टिकतात. दीड टन ओढणाऱ्या गाडीला 60 किलो म्हणजे काहीच नाही. ऑस्ट्रेलियात सगळे लावतात. आणि अपघातात ड्रायव्हर वाचतो.

आधी ते 60 किलो. दीड टन माल हौद्यात असतो, त्याचा बहुतेक भार मागच्या एक्सलवर, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर जातो आणि मागचे पाटे त्या हिशोबानेच दिलेले असतात. गार्ड मात्र पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो. व्हीलबेस 3 मीटर आणि गार्ड एक्सलच्या 75 सेंटिमीटर पुढे धरा. 60 किलोच्या गार्डने पुढच्या एक्सलवर 75 किलो वाढतात आणि मागचे 15 किलो उचलले जातात. परतताना रिकामी पिकअप पावसात माळशेज चढते तेव्हा तिला ढकलणारी चाकं मागचीच असतात. त्यांच्यावरचंच वजन कमी करायचं?

आता "दबलेले पाटे टिकतात" हे. माझा सगळ्यात जास्त राग याच वाक्यावर आहे. पाटा दबून राहिला म्हणजे त्याला खाली जायला उरलेली जागा कमी झाली. मोठा खड्डा आला की एक्सल स्टॉपरच्या रबरावर आपटणार. पाटा वाकून वाकून थकतो, आणि ताण थोडा वाढला तरी त्याचं आयुष्य कितीतरी जास्त घटतं. माझ्या गॅरेजमध्ये जड गार्डच्या गाडीचा पुढचा मेन पाटा उतरवला की सेंटर बोल्टच्या भोकापाशी बघतो. तिथे केसाएवढी चीर असते, आत तांबूस गंज चढलेला. म्हणजे ती आजची नाही, कित्येक दिवस वाढत होती. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, बुश एका बाजूने चेपून भोक लांबट झालेलं. शॉकअपही कंपनीने गार्डशिवायच्या वजनाला दिलेला, तो तेल सोडायला लागतो. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि चाकाच्या हबचे बेअरिंग मागोमाग येतात.

एक गोष्ट मनाविरुद्ध मान्य करतो. गार्ड लावल्यावर रिकामी पिकअप पुढून कमी उसळते. पाटे तेच आणि वजन जास्त, म्हणून हेलकावा संथ होतो, ड्रायव्हरला बरं वाटतं. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढंच अनुभवलं असेल. पण पाठीला मऊ लागलं म्हणून पाटा सुखात आहे, असं होत नाही.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर त्याच्याच विरोधात जातं. तिथली एआरबी ही बुलबार, म्हणजे असेच पुढचे गार्ड, बनवणारी जुनी कंपनी 'ओल्ड मॅन इमू' नावाने सस्पेन्शनही विकते. एकाच मॉडेलसाठी तिच्याकडे पुढच्या स्प्रिंग वेगवेगळ्या असतात: बुलबार नसेल तर एक, असेल तर जास्त वजन पेलणारी, वर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) असेल तर त्याहून भारी. ज्यांचा धंदाच बुलबार विकण्याचा, तेच सांगतात की वजन वाढलं तर स्प्रिंग बदला. आपल्याकडचा वेल्डिंगवाला गार्ड बोल्टने आवळून गाडी सोडून देतो, पाट्याकडे बघतसुद्धा नाही.

अपघाताचं थोडक्यात. कुत्रं आडवं आलं तर रेडिएटर वाचेल, खरं आहे. पण जोराच्या टकरीत जो धक्का बंपर आणि पत्र्याने चेपून खायचा, तो गार्डमधून थेट चॅसीत जातो. समोर पायी माणूस असेल तर त्याच्या मांडीला, कमरेला लोखंडच लागतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं.

मेव्हण्याला सांगितलंय, रविवारी तुझी गाडी आण आणि मित्राची गार्डवालीही आण. मॉडेल एकच आहे. दोन्ही रिकाम्या करून फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर चढवू, मग हबपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावू, म्हणजे गार्डने पुढचे पाटे किती दबले ते दिसेल. आणि गार्डसाठी काढलेले पैसे खर्चू नकोस, तुझ्या पुढच्या शॅकलचे बुश बदलायला आलेत.