हत्यारं उसनी द्यायचीच, तर मेस्त्रीला

घरच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय तो भाच्याच्या जुन्या स्विफ्टवरून. जुळे सोलापुरातून होटगी रोडला येईपर्यंत गाडी पुढून खडखडते. शॉकअप गेलेत, यावर सगळ्यांचं एकमत आहे. भाच्याला पान्यांचा संच आणि शॉकअपवरची स्प्रिंग आवळून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर ऑनलाइन मागवून काम घरीच करायचंय. दादा म्हणतो, मेस्त्री असताना हे उद्योग कशाला? आणि साक्षीला दोघांनीही काढलीय अमेरिका. ‘आत्या, तिकडं दुकानवाले हत्यारं फुकट देतात की, सांग ना बाबांना!’ इति भाचा. ‘तिकडं मेस्त्री परवडत नाही म्हणून करतात, हौसेनं नाही,’ इति दादा.

दोघंही खरंच बोलतायत. इथे ओहायोत ऑटोझोनसारख्या सुट्या भागांच्या दुकानात हत्याराची पूर्ण किंमत अनामत भरायची, हत्यार घरी न्यायचं आणि 90 दिवसांत परत केलं की पैसे पूर्ण परत. यात दानधर्म काही नाही. हत्यार न्यायला आलेला माणूस शॉकअप, जोडातले रबरी बुश, बॉल जॉइंटही तिथूनच घेणार, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. कॅलिफोर्नियात बर्कलीचं सार्वजनिक ग्रंथालय 1979 पासून पुस्तकांच्या जोडीने हत्यारंही उसनी देतं, त्याचं मात्र मला खरंच कौतुक आहे. पण लोक गाडीखाली शिरतात ते गॅरेजच्या मजुरीमुळे. तासाला शंभर-दीडशे डॉलर! त्यात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने खालचे बोल्ट गंजून असे धरतात की तासाचं काम तीन तासांवर जातं.

माझा हिशेब असा: ज्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं ते विकत घ्यायचं, जे पाच-सात वर्षांतून एकदा लागतं ते उसनं. उचललेली गाडी पेलणारे जॅक स्टँड, चांगल्या गोट्या (म्हणजे सॉकेट), ठरावीक जोराने नट आवळायचा टॉर्क रेंच माझे स्वतःचे. बॉल जॉइंट काढायचा पुलर उसना. स्प्रिंग कॉम्प्रेसर मात्र या हिशेबात बसत नाही. लागतो क्वचित, आणि जीवाला धोका सगळ्यात जास्त त्याचाच. चाक अधांतरी लोंबत असलं तरी पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेलीच असते; ती नीट आवळण्याआधी वरचा नट सोडला तर ती जे सुटेल ते अडवायला हाताचा काही उपयोग नाही. उसन्या कॉम्प्रेसरचे आटे कधी कोरडे असतात, कधी हूक झिजलेला. तसा दिसला की मी तो काउंटरवरच परत करते आणि स्प्रिंगसकट जुळवलेला अख्खा शॉकअप घेते. महाग पडतो, पण स्प्रिंगला हात लावायची वेळ येत नाही.

विकत घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. 2020 मध्ये हार्बर फ्रेट या स्वस्त हत्यारांच्या साखळीला तीन आणि सहा टनी जॅक स्टँड परत मागवावे लागले, सुमारे 17 लाख. वजन असताना दाते सुटून स्टँड खाली बसू शकत होता. बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. निदान परत मागवले तरी. भाच्याने ज्याची लिंक पाठवलीय, त्या स्टँडवर बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

आता सोलापूरचा हिशेब. इथल्या गॅरेजच्या एका तासाच्या पैशात तिकडे पुढच्या दोन्ही शॉकअपची मजुरी भागून सामानाचाही बराचसा खर्च निघेल. म्हणजे पैशांच्या बाबतीत दादा जिंकला. भाच्याला हौसच असेल तर स्विफ्टचे मागचे शॉकअप करावेत. तिथे स्प्रिंग वेगळी बसते, कॉम्प्रेसर लागत नाही. बुशमधून जाणारा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पुढचं काम मेस्त्रीकडे, आणि त्यानंतर अलाइनमेंट.

पण कोणत्या मेस्त्रीकडे? गेल्या सुट्टीत मी एका छोट्या गॅरेजवर उभी होते. चाचांचा हात असा की आवाज ऐकून कुठला बुश गेलाय ते सांगावं. आणि तेच चाचा घरी वेल्डिंग करून बनवलेल्या फाशात स्प्रिंग आवळत होते, पोरगा त्यावर पाय देऊन उभा. गाडी जॅकवर, खाली लाकडी ठोकळा. ग्रुपवरच्या वादात या पोराचं नावही नाही.

दुरुस्तीच्या हक्काची, म्हणजे वस्तू कंपनीबाहेरही दुरुस्त करून घेता यावी याची, देशातली चर्चाही साधारण अशीच. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. पण सस्पेन्शनला ना स्कॅनर लागतो ना पासवर्ड. लागतं ते बाजारात खुलं मिळणारं हत्यार, आणि छोट्या गॅरेजवाल्याला महिन्यात दोन-तीनदा लागणाऱ्या वस्तूत पैसे अडकवणं जड जातं.

शेतीत आपण हे कधीच ओळखलंय. 2014-15 मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजार बँकेला अनुदान मिळतं. मोहोळ-बार्शीकडे रोटाव्हेटर भाड्याने आणण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग स्पेअर पार्टच्या दुकानात चांगल्या प्रतीचे दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर, चार जॅक स्टँड आणि पुलर का नसावेत? शॉकअपची जोडी घ्या, हत्यार न्या, संध्याकाळी आणून द्या.

दादाने लगेच विचारलं, ‘आणि परत नाहीच आणलं तर?’ इथे अनामत असते, ती दुकानदार ठेवून घेतो. हत्यार विकलं गेलं, इतकंच. तिकडे एवढी रोख मेस्त्रीकडे एका वेळी नसते, हे मान्य. पण त्याच दुकानात त्याचं उधारीचं खातं असतंच. शॉकअप त्या खात्यावर जातात, तसा कॉम्प्रेसरही लिहायचा आणि परत आला की खोडायचा.