‘स्वतंत्र वगैरे काही नाही हो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक श्रोता’ यांस,

गेल्या रविवारी मी रे या इंग्लिश गायिकेवर लिहिलं (सा-रे-ग-म मधला नव्हे, हा रे आडनावासारखा एकटाच वावरतो). त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना खाली जाऊन शोधावी लागू नये म्हणून ती इथे काना-मात्रेसकट उतरवतो:

“छान लेख. पण स्वतंत्र वगैरे काही नाही हो, वितरण शेवटी सोनीकडेच आहे. पुरस्कार सहा मिळाले, सात नव्हे. ब्रिट स्कूलमध्ये शिकलेल्या मुलीचा संघर्ष तो कसला? मोठ्या कंपनीने सात वर्षं पैसे ओतले म्हणून ती घराघरात पोचली, हे सोयीस्करपणे गाळलंत. मराठीतल्या स्वतंत्र गायकांवर कधी लिहिणार? असो. आधी जरा आभ्यास करून लिहावं.”

चूक झाली ती आधी कबूल करतो. २ मार्च २०२४ च्या ब्रिट सोहळ्यात (ब्रिटनमधले मोठे संगीत पुरस्कार) तिला सहा पुरस्कार मिळाले, नामांकनं सात होती. लिहिताना सात हा आकडा डोक्यात बसला आणि तसाच उतरला. मूळ लेखात सुधारणा केली आहे. एका वर्षात सहा हाही विक्रमच आहे. त्याआधी ब्लर, अडेल आणि हॅरी स्टाइल्स चारपर्यंत जाऊन थांबले होते. पण सहा म्हणजे सहा. आभारी आहे.

आता त्या ‘हो’विषयी. ‘स्वतंत्र वगैरे काही नाही’ एवढंच लिहिलं असतंत तर मी मुद्दा म्हणून वाचलं असतं. ‘काही नाही हो’ म्हटलं की मुद्दा बाजूला राहतो आणि समोरच्याच्या खांद्यावर हात पडतो. लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका ‘त्या शेअरबाजारात काही नाही हो’ म्हणतात तो हा ‘हो’. त्यातून तुमचा ‘असो’. मराठीत ‘असो’ म्हणणारा माणूस विषय सोडत नाही, दुसऱ्याचं बोलणं बंद करतो. सुरुवातीला ‘छान लेख’चं गंध लावून शेवटी ‘आभ्यास करा’ची टपली. बारा वर्षं हा ब्लॉग चालवतोय, मला शिव्याही आल्या आहेत. शिवी परवडते, तिला निदान उत्तर देता येतं.

तिच्या गाण्यांचं वितरण करणारी ह्यूमन री सोर्सेस ही कंपनी सोनीने २०२० मध्ये घेतली हे मला माहीत होतं. लेखात ते लिहिलं नाही, कारण लेख तिच्या गाण्यावर होता, कोणाच्या कंपनीत कोणाचे शेअर आहेत यावर नव्हता. पण तुम्ही एका वाक्यात निकाल देऊन मोकळे झालात, म्हणून मला आता सविस्तर लिहिणं भाग आहे.

रे म्हणजे रेचल कीन, १९९७ चा जन्म, दक्षिण लंडनमध्ये वाढलेली. २०१४ मध्ये तिने आपली गाणी स्वतःच साउंडक्लाउडवर टाकली. ती इयर्स अँड इयर्स या बँडच्या ऑली अलेक्झांडरच्या कानावर पडली, त्याने पॉलिडोर या रेकॉर्ड कंपनीकडे शब्द टाकला आणि ज्या वयात आपल्याकडे पोरं बारावीचा अभ्यास करत असतात त्या वयात तिने चार अल्बमांचा करार केला. पुढची सात वर्षं काय झालं? जॅक्स जोन्सच्या ‘यू डोन्ट नो मी’वर तिचा आवाज, ब्रिटनमध्ये तिसरा क्रमांक. जोएल कोरी आणि डेव्हिड गेटाबरोबर ‘बेड’, पुन्हा तिसरा क्रमांक. बियॉन्सेच्या ‘बिगर’च्या लेखनात तिचा वाटा. आणि स्वतःचा पूर्ण अल्बम? एकही नाही. २०२१ च्या जूनमध्ये तिने ट्विटरवर सगळं बाहेर काढलं: चार अल्बमांचा करार आहे, एकही काढू देत नाहीत, अल्बमभर गाणी फोल्डरमध्ये धूळ खात पडली आहेत. सभ्य पॉपस्टार होऊन राहायचा आता कंटाळा आला, असंही ती तेव्हा म्हणाली. (त्यामागची भावना मला या क्षणी फार जवळची वाटते.) जुलैमध्ये ती आणि पॉलिडोर वेगळे झाले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ०७० शेक या गायिकेबरोबरचं ‘एस्केपिझम’ हे गाणं आलं. ते टिकटॉकवर पसरलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पॉलिडोरमध्ये असताना तिला जो क्रमांक कधी मिळाला नव्हता, तो बाहेर पडल्यावर मिळाला. फेब्रुवारीत पहिला अल्बम आला आणि दुसऱ्या क्रमांकावर चढला. मास्टर्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, तिच्या नावावर. कधी काय काढायचं हे ती ठरवते. वितरण कंपनी ते गाणं जगभरच्या ॲपवर पोचवते आणि आपला वाटा घेते.

पॉलिडोरचा तो करार आणि हे वितरण तुम्हाला ‘एकच’ वाटतं. मी रत्नागिरीकडचा आहे, तेव्हा माझ्या पद्धतीने सांगतो. कलमांची बाग असली की दोन रस्ते असतात. एक म्हणजे मोहोर येण्याआधीच बाग कराराने देऊन टाकायची. पैसे हातात पडतात, फवारणीची कटकट नाही, राखणीला माणूस ठेवायला नको. पण मग त्या हंगामात आंबा तुमचा नसतो. कराराने घेतलेल्याने तो उतरवला नाही आणि झाडाखाली सडला तरी तुम्ही बांधावर उभं राहून बघायचं. दुसरा रस्ता म्हणजे फवारणी तुमची, अढी तुमची, पेटी तुमची, आणि ती वाशीच्या दलालाकडे पाठवायची. दलाल कमिशन कापून हिशोबाची पट्टी पाठवतो. दलाल किती मोठा आहे, त्याचे गाळे किती, त्याच्या मागे कोण आहे, यावरून तोंड वाकडं करता येतं, कमिशनवरून भांडताही येतं, आणि लोक भांडतातच. पण वाशीच्या दलालाला पेटी पाठवली म्हणून रत्नागिरीत कोणी कोणाला ‘तुझी बाग गेली’ असं म्हणत नाही.

तिने २०१४ मध्ये बाग कराराने दिली होती. आता पेटी पाठवते. ट्रक कोणाचा हे बघून तुम्ही बाग कोणाची ते सांगताय.

आता अभ्यासाबद्दल. हे लिहायचं नव्हतं, पण तुम्हीच विषय काढलात.

१९९४ साली मी सव्वीस वर्षांचा होतो. दिवसा बँकेत खिडकीवर, संध्याकाळी डोंबिवलीच्या चाळीत हार्मोनियम. आठ भावगीतांना चाली लावून ठेवल्या होत्या. एका कॅसेट कंपनीच्या माणसाने एका खासगी मैफलीत त्या ऐकल्या. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती आहे की नाही ठाऊक नाही. त्याने मला दादरला बोलावलं, चहा पाजला आणि वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली. तीन कॅसेटी, पाच वर्षं, या काळात दुसऱ्या कोणासाठीही काम करायचं नाही. मी नीट वाचलंसुद्धा नाही. बाहेर पडून चालतच परळपर्यंत गेलो, लोकलमध्ये बसवेना. आईला फोन करायचा तर एसटीडी बूथवर रांग होती, तिथे मी तीन अनोळखी माणसांना सांगितलं की माझी कॅसेट येतेय.

आठही गाणी दोन शिफ्टमध्ये रेकॉर्ड झाली. बासरीवाला उशिरा आला म्हणून एका गाण्यात बासरीच्या जागा मी कीबोर्डवर वाजवल्या. मिक्सिंग झालं. मग सुरू झालं: गणपती जाऊ द्या, दिवाळीत काढू. दिवाळीत म्हणाले, आता लग्नसराईत. लग्नसराईत म्हणाले, भावगीताला सध्या मार्केट नाही, तुम्ही कोळीगीतं का करत नाही? दोन वर्षं मी दर पंधरवड्याला त्या ऑफिसच्या बाकावर बसलो. तिथल्या शिपायाला माझ्या चाली पाठ झाल्या होत्या, मालकाला माझं नाव आठवायचं नाही. दुसऱ्या एका संगीतकाराने साहाय्यक म्हणून बोलावलं तेव्हा मी करारामुळे नाही म्हणालो. करार पाळणारा मी एकटाच होतो.

१९९७ च्या गणपतीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मंडपातल्या कर्ण्यावर माझी चाल ऐकू आली. शब्द बाप्पाचे, अंतरा माझा, कव्हरवर नाव तिसऱ्याचंच. मी मंडपात जाऊन ते कव्हर हातात घेऊन पाहिलं. कार्यकर्त्याला वाटलं मला वर्गणीची पावती हवी आहे. ती मास्टरची स्पूल मी आजवर पुन्हा पाहिलेली नाही.

कोणी म्हणेल, रेची गाणी दुसऱ्यांनी गायली तेव्हा निदान लेखक म्हणून तिचं नाव लागलं, तुमचं तेही नाही, मग तुलना कशाला? बरोबर. तिची परिस्थिती माझ्यापेक्षा चांगली होती, मी तिच्याएवढा गुणीही नव्हतो. मला एवढंच म्हणायचं आहे की ‘स्वतंत्र’ म्हणजे काय याचा माझा अभ्यास त्या बाकावर झाला आहे. तुमचा कुठे झाला ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा यूट्यूबवर झाला असावा. हे वाक्य खोडायचं ठरवलं होतं, पण राहू दे.

राहिलेले मुद्दे. ब्रिट स्कूल: लंडनमधली ही कलांची शाळा फी घेत नाही, सरकारी पैशावर आणि तिथल्या संगीतधंद्याच्या मदतीवर चालते, आणि ही मुलगी दोनेक वर्षांत तिथून बाहेर पडली होती. अडेलही तिथलीच. शाळा बघून संघर्ष मोजायचा असेल तर आमच्या बालमोहन शाळेतल्या मित्रांना आत्मचरित्रं लिहायला बंदी घालावी लागेल. कंपनीने सात वर्षं पैसे ओतले आणि त्यामुळे ओळख झाली, हा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. मराठी गायकांवर कधी लिहिणार ते मला सुचेल तेव्हा. हे मासिक नाही, इथे वार्षिक वर्गणी घेत नाही, त्यामुळे मागणीनुसार मजकूर पुरवायचं बंधनही नाही.

लेखात नसलेली एक गोष्ट तुमच्यामुळे आठवली, ती मात्र सांगतो. त्या ब्रिटच्या रात्री अल्बमचा पुरस्कार घ्यायला ती आजीला घेऊन स्टेजवर गेली होती. पहाटे तीन वाजता उठून आजी आपल्यासाठी प्रार्थना करते, असं ती माइकवर म्हणाली आणि हुंदके देत रडली. मी तो व्हिडिओ चारदा पाहिला. बायको म्हणाली, एवढं काय त्यात, बक्षीस मिळालं की रडतातच. मी तिला काही सांगितलं नाही. आई २००३ मध्ये गेली. तिने शेवटपर्यंत शेजारणींना सांगितलं होतं की आमच्याकडच्याची कॅसेट यायची आहे.

हे तुम्हाला उद्देशून नाही. मध्येच आलं.

तर, सातचे सहा केले आहेत आणि लेखाच्या तळाशी ह्यूमन री सोर्सेस सोनीकडे असल्याची एक ओळ जोडली आहे. बाकी लेखातला ‘स्वतंत्र’ हा शब्द होता तिथेच राहील. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. दोन वाचकांनी तिच्याखाली ‘अगदी बरोबर’ असं लिहिलं आहे, तेही तसंच ठेवलं आहे. ‘आभ्यास’सुद्धा.