सिनेमाचा परिणाम होतो की होत नाही, हे आधी ठरवा

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पंधरवड्यात तीनदा आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : समलिंगी आणि तृतीयपंथी यांचे विषय समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवणाऱ्या २०१८च्या कलम ३७७वरील निकालानंतर ओटीटीवाल्यांनी बाहेरून आणले, त्याआधीचा मराठी सिनेमा ‘स्वच्छ’ होता, आताचे चित्रपट पाहून मुले बिघडतात आणि जुन्या चित्रपटांतली बायकी पुरुषांची थट्टा मात्र निरुपद्रवी होती.

जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे समलिंगी संबंध दाखवले आहेत, आणि तो चित्रपट १९८२ सालचा आहे, मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो सहकुटुंब पाहिलेला असणार. ‘बाहेरून’ म्हणावे, तर रोहन कानवडे यांचा २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळवणारा, दोन पुरुषांच्या प्रेमाचा ‘साबर बोंडं’ घडतो तो आपल्याकडच्याच एका गावात, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात. काही निर्माते हा विषय केवळ बाजारासाठी वापरतात, हे मान्य. पण तसे ते देशभक्तीचेही करतात.

खरी गोम शेवटच्या दोन मुद्द्यांत आहे. सहानुभूतीने रंगवलेले पात्र पाहून मुले बदलतात आणि टिंगल पाहून मात्र कोणावर काहीच परिणाम होत नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. कोणाला कोण आवडावे, हे पडदा ठरवत नाही; वेगळ्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे मात्र तो शिकवतो. तमाशापटांत नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा सोंगाड्या, साकारणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ होते, तरी लोकांनी ते सोंग इतके खरे धरले की त्यांना खासगी आयुष्यातही टवाळी सोसावी लागली. सोंग उतरवून घरी जाणाऱ्या नटाची ही गत, तर ज्याची चालच मुळात तशी आहे, त्याने काय करावे?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडपात नववीतला एक मुलगा लावणीवर नाचत होता, आणि नाचत होता तो अगदी तालात. मागच्या खुर्च्यांतून चाळिशीच्या एका गृहस्थांनी “ए गणपत पाटील!” अशी आरोळी ठोकली आणि सगळा मंडप हसला. मुलाने कमरेला खोचलेली ओढणी सोडली आणि गाणे चालू असतानाच तो पडद्यामागे गेला. यंदाच्या कार्यक्रमासाठी त्याने नाव दिलेले नाही.