‘दुकान म्हणजे वाचनालय नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका. नाव तुम्ही दिलेलं नाही, पण ‘बावीस वर्षं पुस्तकाच्या दुकानात काउंटरला होतो’ असं लिहिलंय, त्यावरून काका म्हणते.

महिन्याला चारशे रुपयांत आम्ही मुलांसाठी नवी पुस्तकं कशी निवडतो, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : दोन मुलांना घेऊन दीड तास दुकानात पंख्याखाली बसायचं, पंधरा-वीस पुस्तकं हाताळायची, त्यातली एक-दोन घेऊन निघायचं आणि वर तेच इतरांना शिकवायचं, हा फुकटेपणा आहे. पैसे कमी असतील तर जुनी पुस्तकं घ्या, वाचनालय लावा, मोबाइलवर ढीगभर गोष्टी फुकट आहेत. नवंच पुस्तक हवं हा हट्ट कशाला? आणि शेवटी, मुलांची पुस्तकं काही महाग नसतात, लोक एका पिझ्झ्याला चारशे देतात.

उत्तराला बरेच दिवस लावले, कारण त्याच रात्री लिहिलं असतं तर रागानं लिहिलं गेलं असतं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. आवडलेल्या पुस्तकातल्या एक-दोन कवितांचे फोटो काढून घेते आणि घरी म्हणून दाखवते, असं मी लेखात लिहिलं होतं. ते चूक होतं. वीस कवितांच्या पुस्तकातल्या दोन नेल्या म्हणजे दहावा हिस्सा पैसे न देता नेला. ते वाक्य मी काढलंय, आणि का काढलं तेही तिथं लिहिलंय. मुखपृष्ठाचा फोटो मात्र यापुढेही काढणार, पुढच्या महिन्यात नाव आठवावं म्हणून. आणि दुकानात बघून घरी जाऊन ऑनलाइन सवलतीत मागवायचं, हे आम्ही कधीच केलेलं नाही. पुस्तक जिथं पाहिलं तिथंच घेतो, छापील किमतीला.

हाताळण्याबद्दलही तुमचं म्हणणं मला पटलं. गठ्ठ्यातली वरची प्रत सगळे चाळतात आणि घेताना खालची कोरी प्रत ओढून काढतात. मीही वर्षानुवर्षं तेच करत होते. वरची प्रत मग तशीच पडून राहते, कोपरे दुमडतात, आणि शेवटी तिचं नुकसान दुकानदाराच्या अंगावर येतं, हे तुमच्या प्रतिक्रियेमुळे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आता जी प्रत मुलांनी चाळली तीच आम्ही घेतो. मुलीला हे एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही.

पण पिझ्झा आमच्या घरी येत नाही. ज्यांच्याकडे येतो त्यांना तुमचा हिशेब लागू असेल. आमच्याकडे चारशे म्हणजे बसभाडं सोडून चारशे. त्यात एक बऱ्यापैकी रंगीत पुस्तक आणि एक-दोन बारीक पुस्तकं बसतात, त्यापुढे काही नाही. पुस्तकं महाग आहेत अशी तक्रार मी केलेली नाही, करणारही नाही. माझे दीर छापखान्यात आहेत, त्यांच्याकडून थोडं कळलंय. चोवीस पानांचं चित्रांचं पुस्तक म्हणजे प्रत्येक पान चार रंगांत, आणि दर रंगाला छपाईची वेगळी प्लेट. प्लेटांचा खर्च हजार प्रतींना जेवढा, दहा हजारांना तेवढाच, आणि मराठीत लहान मुलांचं पुस्तक एका दमात दहा हजार कोण छापतो? नॅशनल बुक ट्रस्ट किंवा प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्त पडतात याचं एक कारण हेही आहे की तेच पुस्तक ते अनेक भाषांत काढतात. चित्रं तीच राहतात, मजकूर काळ्या शाईत असतो, त्यामुळे भाषा बदलताना फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलली की झालं. नुसत्या मराठीत काढणाऱ्या प्रकाशकाला ही सोय नाही. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईवर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही, तोही शेवटी किमतीतच येतो. हे सगळं ठाऊक असल्यामुळेच एकशे चाळीस रुपयांचं पुस्तक हातात घेतल्यावर किंमत अवाजवी आहे असं मला वाटत नाही. मला ते परवडत नाही, एवढंच. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता जुन्या पुस्तकांविषयी. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात हे पुण्यात कुणाला सांगायला नको. मीही बारावीपर्यंत तिथूनच घेतली. पण ती अभ्यासाची. पाठ्यपुस्तकं, गाइडं, इंजिनिअरिंगची, स्पर्धा परीक्षांची. त्यात पाच वर्षांच्या मुलाचं मराठी चित्रांचं पुस्तक शोधून बघा. मी शोधलंय. मिळतात ती परदेशातून आलेली इंग्रजी, जाड पुठ्ठ्याची, आणि प्रदर्शनांत तर किलोवर मिळतात. ती सुंदर असतात, आमच्या घरीही तीन आहेत. पण मराठीतलं पिन मारलेलं चोवीस पानी पुस्तक दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत टिकतच नाही. आधी पिन सुटते, मग मधलं पान जातं, मग कुणीतरी वाघाला मिशा काढतं आणि ते रद्दीच्या गठ्ठ्यात जातं. इंग्रजीत वाचणाऱ्या गरीब मुलाला जुन्या पुस्तकांचा आधार आहे. मराठीत वाचणाऱ्याला नाही, त्याच्यासमोर नवं पुस्तक किंवा काहीच नाही.

वाचनालय लावलेलं आहे, काका. लेखात लिहायचं राहिलं, ती माझी चूक. पुण्यात १८४८ पासून चालत आलेलं नगर वाचन मंदिर आहे, १९११ चं पुणे मराठी ग्रंथालय आहे, या गोष्टीचा मला अभिमानच वाटतो, आणि माझी मुलगी आता तिसरीत आहे, तिचं निम्मं वाचन वाचनालयावरच चालतं. जाड पुस्तकांसाठी ते उत्तम. पण लहानग्यांच्या चित्रांच्या पुस्तकाचं वाचनालयात काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. पुस्तक टिकावं म्हणून त्याला पक्कं बाइंडिंग करतात, आणि दोन पानांवर मिळून काढलेलं चित्र मधल्या शिवणीत अडकतं. आमच्या हाती आलेल्या एका पुस्तकात नदीत पोहणाऱ्या मुलाचं डोकं डाव्या पानावर होतं, पाय उजव्या पानावर, आणि पोट शिवणीत गेलेलं. माझा मुलगा किती तरी वेळ ते पुस्तक फाकवून आत डोकावत होता. दोष वाचनालयाचा नाही, तसं बांधलं नाही तर ते सहा महिन्यांत संपेल. पण चित्र पूर्ण दिसणं ही पाच वर्षांच्या मुलाची चैन नव्हे. त्याला अजून अक्षरं येत नाहीत, चित्र हाच त्याचा मजकूर आहे.

मोबाइलवरचंही वाचतो. बालभारतीनं ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक वाचायला खुले केलेत, ते आमच्याकडे सुट्टीत रोज एक असे चालतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. चांगल्या आहेत. पण घरात मोबाइल एकच आहे आणि तो माझ्या कामाचा आहे.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर उरतं. दुकानातच का जायचं, आणि इतका वेळ का?

मी चौथीत असताना, १९९६ साली, स्कॉलरशिपच्या यादीत नाव आलं म्हणून आत्यानं ५१ रुपये दिले होते. आई मला पेठेतल्या एका दुकानात घेऊन गेली. तेव्हाची बहुतेक दुकानं कशी होती ते तुम्हाला सांगायला नको. आडवा लाकडी काउंटर, त्यामागे माणसं, त्यांच्यामागे छतापर्यंत पुस्तकं, आणि आपल्याला दिसायच्या त्या फक्त त्यांच्या कडा. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “काय पाहिजे?” मी म्हटलं, “गोष्टीचं पुस्तक.” “कुठलं?” ते मला कसं माहीत असणार? मी गप्प. आई गप्प. मागे गर्दी वाढत होती. त्यानं एक निबंधांचं पुस्तक काढून समोर ठेवलं, “हे न्या, उपयोगी पडेल.” आईला नाही म्हणता आलं नाही. ४५ रुपये झाले. बसमध्ये आई म्हणाली, “छान आहे गं,” आणि मी मान डोलावली. ते पुस्तक मी कधीच वाचलं नाही, आणि आत्यानं विचारलं की खोटं सांगायचे.

तो माणूस वाईट नव्हता. जून महिना होता, चौकात वह्या-पुस्तकांची झुंबड होती, त्याला दर मिनिटाला एक गिऱ्हाईक उरकायचं होतं. पण ‘कुठलं?’ या प्रश्नाचं उत्तर ज्यानं पुस्तकं आधी पाहिलीत त्यालाच देता येतं. ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तकं असतात त्यांची मुलं नावं घेऊन दुकानात येतात. माझ्या मुलांसाठी ती नावं कळण्याची जागा म्हणजे दुकानातली ती खालची दोन फळ्यांची मांडणी. तिथला दीड तास काढून घेतला तर ती मुलं पुन्हा काउंटरसमोर गप्प उभी राहतील.

आणि या दीड तासात काय चालतं तेही सांगते, कारण तुम्हाला तो फुकट वाचण्याचा वेळ वाटतो. पंधरा पुस्तकं आम्ही वाचत नाही. मुलगी पुस्तक मधूनच उघडते आणि एक पान पुटपुटत वाचते. सुरुवात सगळ्यांचीच बरी असते असं तिचं तिनंच ठरवलंय. मी बघते ते वेगळं. भाषांतर असेल तर वाक्य मराठी माणसाच्या तोंडचं वाटतं का? ‘त्याने आपले डोके हलवले’ असं दिसलं की पुस्तक परत. मुलगा हो म्हणाला की नाही म्हणाला, तेच त्यातून कळत नाही. ओळीच्या शेवटी शब्द तोडलेत का? नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथं हमखास अडखळतं. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर आहे का? जिथं असतं तिथं आतली चित्रंही मन लावून काढलेली असतात, असा माझा अनुभव आहे. चित्रातली आई कशी आहे, घर केवढं आहे? एका खोलीत राहणारं मूल पुस्तकात दिसलं की माझी मुलं त्या पानावर थांबतात, आणि अशी पुस्तकं फार नाहीत. पिना दोन आहेत का, पुस्तक पूर्ण उघडतं का, तेही बघते, कारण आमच्याकडे ते पन्नास वेळा उघडलं जाणार असतं.

मग तीन पुस्तकं बाजूला निघतात आणि मागची किंमत बघून बेरीज होते. बेरीज मुलगी करते. चारशेच्या वर गेली की एक परत ठेवायचं, आणि कुठलं ते मी सांगत नाही. यालाच वेळ लागतो. मागच्या महिन्यात तिनं दोन पुस्तकं घेऊन अर्धा तास काढला. एक नव्वदचं, एक एकशे साठचं. मला एकशे साठचं फार आवडलं होतं. तिनं नव्वदचं ठेवलं, कारण उरलेल्या पैशांत भावाला जेसीबीच्या चित्रांचं पुस्तक घेता येत होतं आणि तो ते सोडायला तयार नव्हता. मला ते जेसीबीचं पुस्तक मुळीच आवडलेलं नाही. पण तो ते रात्री उशाशी घेऊन झोपतो, आणि परवा त्यानं त्यातला ‘ज’ आमच्या गल्लीतल्या ‘जनरल स्टोअर्स’च्या पाटीवर स्वतःहून ओळखला.

डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथंही आम्ही जातो. पण तिथल्या गर्दीत मुलांना असं रेंगाळू देता येत नाही. तिथं आम्ही आधी दुकानात पाहून ठेवलेलंच घेतो.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. शनिवारी संध्याकाळऐवजी सकाळी दुकान उघडल्यावर जातो, तेव्हा आमच्याशिवाय क्वचितच कुणी असतं. आणि बसण्याआधी विचारतो. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिथले दादा म्हणाले, “ताई, तुम्ही दोन वर्षं येताय, आज काय विचारताय?” आणि मुलांना बसायला दोन स्टुलं दिली. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच त्यांच्याकडे गर्दी नको.

तुम्हाला एक खरंच विचारायचं आहे. बावीस वर्षांत अशी मुलं तुमच्या काउंटरसमोरही आली असतील, ज्यांना नाव सांगता आलं नाही. तेव्हा तुम्ही काय काढून द्यायचात? तुमच्याकडे पंधरा-वीस नावं नक्की असतील. ती इथं लिहिलीत तर मी वहीत उतरवून घेईन. मुलीच्या वहीत सध्या तीनच नावं उरलीत, आणि त्यातलं एक ते एकशे साठचं आहे.